पाच नकार आणि अर्धं तिकीट

मित्रांनो, मला हातात घेऊन जरा हलवलंत, तर आत काहीतरी खुळखुळतं. घाबरू नका, मी मोडलेली नाही. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, आणि तो खुळखुळ कशाचा ते पुढे कळेलच. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलीही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. जाड पुस्तकाएवढा काळा डबा, त्यात शेजारी शेजारी दोन चाकं, आणि एका चाकावरून दुसऱ्यावर गुंडाळत जाणारी दीडशे मीटरहून लांब तपकिरी फीत. त्या फितीवर एक अख्खा चित्रपट असतो. टीव्हीखालच्या मशीनच्या तोंडात मला सरकवलं, की मी फिरू लागते आणि वर पडद्यावर माणसं बोलू लागतात. पूर्वी चित्रपट घरी बघायचा, तर मला दुकानातून एका दिवसासाठी न्यावं लागे.

माझा जन्म एका लांबलचक, थंडगार खोलीत झाला. एका बाजूला एक मोठं मशीन होतं आणि भिंतीला ओळीनं साठ लहान मशीनं. मोठ्या मशीनमध्ये मूळ चित्रपट सुरू झाला, की आम्ही साठजणी एकदम त्याची नक्कल उतरवून घ्यायचो. म्हणजे मला एकोणसाठ सख्ख्या बहिणी आहेत, पण एकीचाही पत्ता मला ठाऊक नाही. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला तपासलं. त्यांनी सुरुवातीची दोन मिनिटं पाहिली, शेवटची दोन मिनिटं पाहिली आणि खोक्यात टाकलं. मधलं काय आहे हे त्यांना जाणून घ्यावंसंही वाटलं नाही, याचं मला तेव्हापासून नवल वाटत आलं आहे.

माझ्या पोटातली गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची आहे. नदीच्या अलीकडे तिचं घर, पलीकडे शहर आणि शहरात मोठं रुग्णालय. एका पुरात नाव वेळेवर पलीकडे पोचत नाही आणि तिची आई दगावते. तेव्हापासून मुलीच्या मनात एकच, की पलीकडे जायचं आणि आजाऱ्यांची सेवा शिकायची. वडील मात्र म्हणतात, घरातलं माणूस गेलं, आता उरलेलं मी नदीला देणार नाही. इथे मध्यंतर होतं. पुढचं इतक्यात सांगत नाही.

माझं वेष्टण हिरवं होतं. त्यावर नावेत उभी असलेली लांब वेणीची मुलगी, मागे मिशीवाला नायक, त्याचा घोडा आणि कोपऱ्यात एक कुत्रा. मला वाटे, काय सुरेख चित्र आहे! पण त्याच चित्रानं माझा घात केला.

ज्या दुकानात मी आले, ते इस्त्रीवाला आणि औषधवाला यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेलं होतं. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळं जग काकू म्हणे. काकूंनी आधी वीस वर्षं एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं, आणि तिथली एक खोड त्यांनी बरोबर आणली होती. कुणी एखादी कॅसेट फळीवरून काढली, उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली, की काकू चष्म्यावरून बघत विचारायच्या, "का हो, नको?"

"नको."

"नको म्हणायला माझी ना नाही. पण कारण सांगून जायचं."

मग ते कारण त्या एका चिठ्ठीवर लिहायच्या आणि चिठ्ठी त्या कॅसेटच्या वेष्टणात सारून द्यायच्या. शाळेत म्हणे मुलं पुस्तक का नाकारतात ते त्या असंच टिपून ठेवत. लोक आधी बिचकत, पण थोड्याच दिवसांत त्यांना चटक लागली. काही जण तर नुसतं नाकारायला यायचे.

सुरुवातीचे तीन महिने माझे सुखाचे गेले. अकरा घरं पाहिली. एका घरी तर मला लागोपाठ दोनदा लावलं. मग नव्या, चकचकीत कॅसेटी आल्या आणि मी वरच्या फळीवरून मधल्या, मधल्या फळीवरून खालच्या फळीवर उतरले. तिथून मला लोकांच्या चपला तेवढ्या दिसायच्या. आणि वेष्टणात चिठ्ठ्या वाढू लागल्या.

पहिली चिठ्ठी पोस्टमनची. "वेष्टणावर कुत्रा आहे." काकू म्हणाल्या, "अहो, तो फार गुणी कुत्रा आहे, कुणाला चावत नाही." पोस्टमन म्हणाला, "त्याचा मालकही मला असंच सांगेल."

मी चांगलीच चिडले. दोन तासांच्या चित्रपटात कुत्रा येतो तो मोजून चार वेळा! पण पाठोपाठ दाताचे डॉक्टर आले. त्यांचं म्हणणं, नायिकेच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, ती हसली की माझं गोष्टीतलं लक्ष उडतं आणि हात शिवशिवतात. मुख्याध्यापिकाबाईंना नायक त्यांच्या नणंदेच्या नवऱ्यासारखा दिसला. "त्यांना दर सुट्टीत महिनाभर सोसते," त्या म्हणाल्या, "आता घरबसल्या टीव्हीवरपण?" एका गृहस्थांनी मला उचललं, मागे छापलेलं वर्ष वाचलं आणि विस्तव हातात आल्यासारखं खाली ठेवलं. त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले होते आणि त्या वर्षात तयार झालेली कुठलीही वस्तू ते घरात येऊ देत नसत. इस्त्रीवाल्यानं सांगितलं, "सगळे म्हणतात बघच बघ. म्हणून नाही बघणार." एका आजोबांना सर्दी झाली होती आणि चित्रपटात फार पाणी होतं.

हळूहळू माझा राग गेला आणि मला भलतंच कुतूहल वाटू लागलं. माणसं एरवी भाजी घेताना दहा प्रश्न विचारतात, पण चित्रपट नाकारताना एका मिशीवर भागवतात. आणि प्रत्येकाला आपलं कारण किती पटलेलं असतं! पोस्टमनच्या पोटरीवर चाव्याची जुनी खूण होती, ती मला खालच्या फळीवरून स्पष्ट दिसायची. काकूंना ती दिसत नसे. मग मला वाटू लागलं, की वेड्या कारणालाही खाली कुठेतरी पोटरी असते. आपल्याला ती दिसत नाही, एवढंच.

आता घड्याळजींबद्दल सांगते. रस्त्याच्या पलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं चिमुकलं दुकान होतं. वय साठीला टेकलेलं, बायको वारलेली, मुलगा दूर नोकरीला. दर शनिवारी ते रस्ता ओलांडून यायचे आणि एक कॅसेट न्यायचे. मारामारीची, रडकी, हसवणारी, काहीही चालायचं. काकूंच्या दुकानात त्यांनी न पाहिलेली कॅसेट जवळजवळ उरली नव्हती. मी तेवढी उरले होते.

"ही न्या की हो घड्याळजी," काकू म्हणायच्या.

पहिल्यांदा ते म्हणाले, "हा हिरवा रंग माझ्या डोळ्यांना सोसत नाही." काकूंनी लिहून घेतलं. पुढच्या खेपेला, "यात घोडा आहे. घोडा धावायला लागला, की मला त्याच्या गुडघ्यांची काळजी वाटते." तेही लिहिलं. नंतर, "मुलीची वेणी फार लांब आहे, कुठेतरी अडकेल असं सारखं वाटत राहतं." चौथ्यांदा नुसतंच, "आज शनिवार आहे." काकू म्हणाल्या, "तुम्ही शनिवारीच येता." घड्याळजी म्हणाले, "तेच तर."

पाचव्या वेळी मात्र त्यांची जीभ घसरली. म्हणाले, "नावाड्याच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे, ते पहिल्यापासून सव्वाचारच दाखवतं. अशा निष्काळजी लोकांचा चित्रपट मी बघत नाही."

"म्हणजे तुम्ही पाहिलाय!" काकू म्हणाल्या.

"कुणी सांगितलं? मला ताईनं सांगितलंय." आणि ते कॅसेट न घेताच निघून गेले.

काकूंनी त्यांच्या पाचही चिठ्ठ्या काउंटरवर ओळीनं मांडल्या आणि बराच वेळ बघत बसल्या. मग मला म्हणाल्या (त्या एकट्या असल्या की कॅसेटींशी बोलत), "माणसाचं एक वेड कारण असेल तर ते खरं असतं गं. पाच असली, की एकही खरं नसतं."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. या माणसाचं मी काय घोडं मारलं होतं, माझं काय चुकलं होतं?

उत्तर पावसाळा संपता संपता दुकानात चालत आलं. ती घड्याळजींची थोरली बहीण होती. सदतीस वर्षं दूरच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि भावाकडे राहायला आल्या होत्या. गल्लीत सगळे त्यांना नर्सबाई म्हणू लागले. त्या समोरच्याकडे सरळ न बघता मान किंचित वळवून बघायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत बरोबर मध्यभागी एक काळसर डाग धरला होता आणि तो पसरत होता. जिकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. कडेचं मात्र अजून दिसे. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, फार तर वर्ष.

"मला एक चित्रपट हवाय," त्या काकूंना म्हणाल्या. "नाव आठवत नाही. नावाड्याची मुलगी असते, आई पुरात जाते. शेवटी ती पहाटे एकटीच नाव सोडते आणि नदी ओलांडून नर्सिंग शिकायला जाते. वडील काठावर उभे राहून हात हलवतात. डोळे आहेत तोवर एकदा पुरा बघायचाय."

मी फळीवर दचकले. गोष्ट माझी होती, पण शेवट माझा नव्हता!

काकूही चमकल्या. त्यांनी मला चांगलं तीनदा पाहिलं होतं. "पण त्यात तर..." असं म्हणून त्यांनी जीभ चावली. "तुम्ही कधी पाहिलात?"

"अर्धाच पाहिलाय," नर्सबाई हसून म्हणाल्या. "मी चौदा वर्षांची, माझा भाऊ छोट्या अकराचा. अक्षर चांगलं म्हणून बाईंनी मला एक तिकीट बक्षीस दिलं होतं. एका तिकिटात दोघं कसे जाणार? मग आम्ही ठरवलं. मध्यंतरापर्यंत मी बघायचं. बाहेर येताना दारावर तिकिटाचा उरलेला तुकडा छोट्याच्या हातात द्यायचा आणि पुढचं त्यानं बघायचं. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून मी त्याला पहिला अर्धा सांगितला, त्यानं मला दुसरा. काय रंगवून सांगितला हो! ती मुलगी नाव सोडते ते ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी मी बाबांना सांगितलं, मी पण जाणार. ती गेली, तर मी का नाही?"

"आणि गेलात?"

"गेले की. नर्सिंग शाळेत आलेली प्रत्येक नवी मुलगी पहिल्या आठवड्यात रडायची, घरी जाते म्हणायची. तिला मी हीच गोष्ट सांगायची. किती जणी थांबल्या असतील, मोजल्या नाहीत."

आता काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि माझ्याही. मी इथेच, त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर होते. पण काकू म्हणाल्या, "ती कॅसेट बाहेर गेलीय. उद्या या." आणि नर्सबाई गेल्याबरोबर त्यांनी रस्त्यापलीकडे हाक मारली.

घड्याळजी डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच ठेवून आले. काकूंनी पाच चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"तुम्ही त्या दिवशी आत गेलाच नव्हतात. बरोबर?"

घड्याळजी स्टुलावर बसले. "दारात एक माणूस उभा होता," ते म्हणाले. "त्याच्याकडे बंद पडलेलं खिशातलं घड्याळ होतं. म्हणाला, तुकडा देतोस तर हे घे. मी दिला. थेटराच्या मागच्या भिंतीला टेकून ते घड्याळ खोलत बसलो. आत काय होतं काकू, काय सांगू! अंधार कधी पडला तेच कळलं नाही. मग ताई आली आणि म्हणाली, सांग, पुढे काय झालं?"

"आणि तुम्ही दिली ठोकून."

"दिली. तिला काय आवडेल ते सुचत गेलं, तसं बोलत गेलो. मला काय माहीत ती दुसऱ्या दिवशी बाबांपुढे उभी राहील! रात्रपाळ्या केल्या, साथीच्या वॉर्डात राहिली, लग्नाला दोनदा नाही म्हणाली. सगळं त्या पोरीकडे बघून. आणि ती पोर तशी गेलीच नसेल तर? काकू, खरा शेवट काय आहे?"

काकूंनी सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा नाही."

"तिचं सगळं आयुष्य माझ्या थापेवर उभं आहे," घड्याळजी म्हणाले. "आता डोळे जायच्या आधी ती शेवटचा चित्रपट बघणार, तो माझी थाप उघडी पाडणारा."

त्यांनी मला पिशवीत घातलं. पण घरी नेलं नाही, आपल्या दुकानात नेलं. भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं आणि मला कामाच्या टेबलावर पालथं घातलं. बारीक पेचकसानं माझे पाचही स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं. अशी उघडी मी त्याआधी कधी कुणापुढे पडले नव्हते. त्यांनी फीत बोटानं पुढे पुढे सरकवली आणि दोन्ही चाकं सारखी भरलेली दिसली तेव्हा थांबले. तिथे मध्यंतर असणार, हे त्यांनी बरोबर ताडलं. मग कात्री उचलली. एक तुकडा कापला, की चित्रपट मध्यंतरालाच संपणार होता. जुनी कॅसेट, फीत तुटली, असं सांगून मोकळं होता आलं असतं. शेवट कुणालाच कळला नसता.

मित्रांनो, मी खूप घाबरले होते. आणि खरं सांगायचं तर माझ्या एका मनाला वाटत होतं, की काप बाबा. कारण माझा शेवट मला ठाऊक होता. आजवर मी त्याचा विचार केला नव्हता, जसा छापला तसा दाखवत आले. पण अकरा वर्षांच्या पोरानं भिंतीला टेकून रचलेला शेवट ऐकल्यापासून मला माझ्या शेवटाची लाज वाटू लागली होती.

कात्री फितीला लागली आणि तिथेच राहिली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या टेबलावर त्यांनी मोडलेलं जोडलं होतं, चांगलं मोडलं नव्हतं. "नाही जमत," ते पुटपुटले आणि कात्री खाली ठेवली. मला पुन्हा मिटवताना त्यांच्या हातून एक स्क्रू आत पडला. तो अजून आतच आहे, आणि खुळखुळतो तो तोच.

रविवारी दुपारी नर्सबाई टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसल्या. घड्याळजींनी शेवटपर्यंत टाळाटाळ केली. "ताई, आज आभाळ आलंय, चित्र नीट दिसायचं नाही." "ताई, चहा घेऊन बसू या का?" "ताई, जेवल्यावर लगेच पाण्याचे चित्रपट बघू नयेत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर."

"मी सदतीस वर्षं डॉक्टरांमध्येच होते, छोट्या. लाव."

मी फिरू लागले. मशीनच्या फटीतून मला दोघांचे चेहरे दिसत होते. नर्सबाईंनी मान डावीकडे वळवली होती, डोळ्याच्या कडेनं बघत होत्या. एकदाच पाहिलेला तो अर्धा भाग त्यांना असा पाठ होता, की नावाड्याची वाक्यं त्या त्याच्या आधी म्हणत होत्या. मध्यंतराची पाटी आली आणि घड्याळजींनी पुढे होऊन मला थांबवलं.

"ताई, मी आत गेलो नव्हतो."

"कुठे?"

"त्या दिवशी. थेटरात. तुकडा मी एका बंद घड्याळापायी देऊन टाकला. पुढचं सगळं मी मनानं रचलं."

नर्सबाईंनी मान सरळ केली. सरळ बघितलं की त्यांना भाऊ दिसत नसे.

"मग ती जात नाही?"

"मला माहीत नाही. मीही पाहिलेला नाही अजून."

"लाव," त्या म्हणाल्या.

मग दोघांनी माझा दुसरा अर्धा भाग आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आता तुम्हालाही सांगायला हरकत नाही. ती मुलगी पहाटे नाव सोडते, इथवर छोट्यानं बरोबर ओळखलं होतं. पण पलीकडच्या काठाला नाव टेकते न टेकते तोच तिला वडिलांची हाक ऐकू येते आणि ती नाव वळवते. शेवटच्या दृश्यात नाव सावकाश घराच्या काठाला येते, वडील तिचा हात धरतात, दार बंद होतं आणि चित्रपट संपतो.

"परत आली," नर्सबाई म्हणाल्या. "मी पोरींना काय सांगत आले, आणि ही परत आली."

"ताई..."

"मला फार राग आलाय, छोट्या. आत्ता बोलू नकोस."

घड्याळजींना काय करावं कळेना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून ते उठले. कॅसेट दुकानात परत देताना फीत सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून द्यायची असते. त्यांनी मला थांबवायचं आणि मग मागे फिरवायचं, हा क्रम. पण त्यांचे डोळे भरले होते, थांबवायचं बटण राहून गेलं आणि मी चालू असतानाच मागे पळायला लागले. असं झालं, की आवाज जातो, पडद्यावर आडव्या रेघा येतात आणि चित्र उलटं चालतं.

बंद दार उघडलं. वडिलांनी मुलीचा हात सोडला. ती नावेत पाऊल टाकून बसली आणि नाव घराच्या काठावरून निघाली. मुलीचं तोंड आमच्याकडेच होतं, घराकडे बघत होती, आणि नाव मात्र तिला घेऊन मागे मागे, पलीकडच्या काठाकडे चालली होती. लहान लहान होत गेली.

घड्याळजींनी घाईनं बटणाकडे हात नेला.

"हात काढ!" नर्सबाई ओरडल्या. त्या खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या, मान वळवलेली, डोळ्याच्या त्या शेवटच्या उजेडाच्या पट्टीतून बघत. "जातेय. छोट्या, ती जातेय."

नाव पलीकडे टेकली. अलीकडच्या काठावर वडील एकटेच उभे राहिले, आणि उलट्या चालीत त्यांचा हाक मारायला उचललेला हात खाली येऊन पुन्हा वर गेला, तो निरोप दिल्यासारखाच दिसला.

"तू हे कधी पाहिलं होतंस?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही गं ताई. शपथ."

"मग तुला कसं कळलं?"

घड्याळजी ताईच्या पायाशी जमिनीवर बसले. मित्रांनो, चकित तर मीही झाले होते. इतकी वर्षं तो शेवट माझ्या पोटात होता आणि मला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. पंधरा-वीस वेळा मला कुणी ना कुणी गुंडाळलं असेल, पण तेव्हा पडद्याकडे बघायला कुणी बसलेलं नसे.

त्या दुपारी नर्सबाईंनी मला चार वेळा उलटी चालवायला लावली. चौथ्या वेळी त्यांनी भावाच्या डोक्यात एक टपली मारली. "ही अठ्ठेचाळीस वर्षं उशिरा," त्या म्हणाल्या, "थापेबद्दल." मग त्याचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि दोघंही रडले.

पुढे काकूंनी दुकान बंद केलं, तेव्हा मला चिठ्ठ्यांसकट घड्याळजींच्या या घरी देऊन टाकलं. नर्सबाईंच्या डोळ्यातली ती उजेडाची पट्टीही आता गेली आहे. माझी फीत त्या जागी घासून पातळ झाली आहे, मशीनही कुरकुरतं, पण घड्याळजी ते उघडून पुन्हा चालतं करतात.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला ओलीपासून आणि लोहचुंबकापासून जपा. आणि कुणी एखादा चित्रपट नको म्हणालं, घोड्याच्या गुडघ्यांसाठी किंवा शनिवारसाठी नको म्हणालं, तर पोट धरून हसा, मीही हसते. पण हसून झाल्यावर त्याच्याजवळ बसा आणि आणखी एकदा विचारा. तो लगेच सांगणार नाही. घड्याळजींना पाच चिठ्ठ्या लागल्या.

परवा शेजारची दहा वर्षांची मुलगी इथे आली होती. तिनं मला हातात घेतलं, खुळखुळवलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "मला शेवट माहितेय, आईनं सांगितलाय. ती मुलगी घरी परत येते. मग कशाला बघू?"

नर्सबाई तिच्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. "माझ्याजवळ बस," त्या म्हणाल्या. "छोट्या, लाव रे. आणि बाळ, मला आता दिसत नाही, तेव्हा ती नाव कुठे जाते ते तू मला सांगायचं."

मी शेवटापासून उलटी फिरू लागले. मुलगी पडद्याजवळ सरकली. मग ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, ती चालली!"